आई, मंदाताई आणि घरगाडी

गाडी नवीन असली की तिच्यात डिझेल आधी भरतं की किस्से, ते मला अजून कळलेलं नाही. आमची घरगाडी कॉलनीच्या फाटकात येऊन पुरता महिना झाला नाही, आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझा डबा रोज अर्धा उरायला लागलाय. एक सांगून होत नाही, तर कुणीतरी दुसऱ्याची आठवण करून देतं. आज एकदाचे सगळे सांगून टाकते.

आमचे हे मुळात न बोलणारे. रिटायर झाल्यावर प्लॉट घेतील, नाहीतर यात्रेला जातील, असा अख्ख्या कॉलनीचा अंदाज. ह्यांनी काय केलं, तर नागपूरला जाऊन कुणाचीतरी वापरलेली घरगाडी घेऊन आले. आत दोन पलंग, छोटा ओटा, फ्रिज आणि मागच्या कोपऱ्यात बाथरूम. का घेतली, ते कुणाला सांगितलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मांडीचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन चालतात. तेव्हापासून त्या कॉलनीच्या फाटकाबाहेर गेल्या नव्हत्या. दुखणं तेवढं नव्हतं. "रस्त्यात लागली तं?" एवढाच त्यांचा प्रश्न असायचा. त्या प्रश्नापायी नातवाचं लग्न गेलं, आणि अकोल्याला मंदाताईंनी, म्हणजे त्यांच्या लेकीनं, एवढं घर बांधलं, तेही त्यांनी पाहिलं नव्हतं.

म्हणून पहिली सफर अकोल्याची ठरली. शुक्रवारी दुपारी अमरावती सोडली.

*

घरगाडीच्या बाथरूमची एक गंमत आहे. नळ सोडला की पाण्याचा पंप घुर्र करतो, आणि तो साऱ्या गाडीला ऐकू जातो. बडनेरा मागे पडलं तशी आईंनी मला कोपर लावलं. ह्यांनी आरशात पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि जुनी गाणी लावली. ती एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या वावरातला माणूस निंदण सोडून उभा राहिला. आई येऊन बसल्या, की आवाज कमी.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. आईंनी मला विचारलं, की हा मधातच गाणं कावून मोठं करते? मी म्हटलं, रेडिओ बिघडला असेल.

मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी पुन्हा वॉकर पुढे ओढला. ह्या वेळी मला कोपर लावलं नाही. सरळ पुढे पाहून म्हणाल्या, "पक्या, लाव रे तुहं गाणं."

*

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. पांढरी गाडी, बाजूनं उघडणारं दार, खाली पायरी आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या आई. लोक येऊन वाकून पाहायचे. एकानं रक्त तपासायची गाडी समजून बाही वर केली. एकजण कपाशीचं बियाणं कोणत्या कंपनीचं आहे ते विचारून गेला.

मग एक गृहस्थ आले. गालाला उपरणं बांधलेलं, एक डोळा सुजेनं बारीक झालेला. बिचाऱ्यांना नीट बोलवत नव्हतं. आईंना नमस्कार करून त्यांनी विचारलं, की दात इथंच काढून देतात का?

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "माह्ये तं कवाचेच निघाले, बापू. बसा, तुमाले लवंग देतो."

*

अकोल्याला मंदाताईंच्या घराला पाच पायऱ्या. ताईंनी सगळी तयारी केली होती. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली होती, खालच्या खोलीत नवीन गादी आणली होती. पायऱ्या मात्र त्यांच्या ध्यानातच आल्या नव्हत्या. आपण रोज चढतो त्या पायऱ्या आपल्याला दिसत नाहीत.

जावई म्हणाले, खुर्चीत बसवून उचलू. आईंनी हात जोडले. जावयानं उचलायचं म्हणजे त्यांना मरणाहून जड. ताई पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. साठीला टेकलेली बाई, पण अगदी शाळेतल्या पोरीसारखी. आई गाडीतून म्हणाल्या, रडून काय होते? मी आत नाही येत, तं तू घर बाहेर आण.

मग ताईंनी व्हिडिओ कॉल लावला. आई फाटकापाशी गाडीत, फोन माझ्या हातात, आणि ताई घरात एकेक खोली दाखवत फिरतायत. देवघर झालं, गच्ची झाली. स्वयंपाकघरात आईंनी त्यांना थांबवलं. गॅसच्या डोक्यावर खिडकी कावून केली, वाऱ्यानं विझत नाही का? ताई म्हणाल्या, विझतो. वास्तुशांतीला एवढी माणसं येऊन गेली, हे कुणी विचारलं नव्हतं. तिथं ताई पुन्हा थोड्या रडल्या, पण हे रडणं वेगळं होतं.

जेवण झाल्यावर ताईंनी पिशवीत एक साडी, टॉवेल आणि ब्रश टाकला. पाच पायऱ्या उतरल्या, फाटक उघडलं आणि गाडीत येऊन आईंच्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या. जावई पायरीवर उभे राहून पाहत होते. त्यांना वाटलं, काहीतरी विसरलं असेल. त्यांनी विचारलं, कुठं चालली?

ताई म्हणाल्या, "माहेरी. चार दिवस फोन करू नका."

*

सकाळी निघालो तेव्हा माहेरच चिखलदऱ्याला निघालं होतं, त्यामुळे ताईही निघाल्या. अकोट गेलं. अंजनगावात शिरताना एक गतिरोधक असा आला, की गाडी आधी आकाशात गेली आणि मग खाली आली. ओट्यावरचं कपाट उघडं राहिलं होतं. हळदीचा डबा झाकण टाकून बाहेर आला आणि आम्ही तिघीजणी नखशिखान्त पिवळ्या झालो.

पुसण्यासाठी थांबलो तर केळीवाली बाई हातगाडी सोडून आली. तिनं आमच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, की यातली नवरी कोणती?

मी आणि ताई हसून बेजार. आईंनी शांतपणे हात वर केला.

*

चिखलदऱ्याला एका पॉइंटजवळ गाडी लावली. थंडी होती, ऊन छान होतं. आमच्या पलीकडे एक कार येऊन थांबली. मुलगा, सून, नातवंडं उतरली आणि भाजलेली कणसं खाऊ लागली. त्यांची आजी मात्र मागच्या सीटवर शाल घेऊन बसून राहिली. सुनेनं चहा नेला, नको. नातीनं कणीस नेलं, नको. पाणीसुद्धा नको. मुलगा चिडला होता. एवढ्या लांब आणलं, तर ही तोंडात काही घालत नाही, असं तो बायकोला सांगत होता.

आई आपल्या खुर्चीतून हे बराच वेळ पाहत होत्या. मला म्हणाल्या, "तिले बोलाव. म्हणा, गाडी पाह्यले या."

त्या बाई हळूहळू आल्या. आईंनी वॉकर धरून त्यांना स्वतः गाडी दाखवली. हा पलंग, हा ओटा, हा फ्रिज. एखाद्या नव्या बंगल्याची मालकीण दाखवते तशी. शेवटी मागचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "अन् हेबी पाहून घ्या निवांत. आतून कडी लागते."

आम्ही सगळ्या बाहेर येऊन दरीकडे तोंड करून उभ्या राहिलो. आमचे हे खाली चहा पीत होते. त्यांनी कप ठेवला, पुढे चढले आणि गाणं लावलं.

त्या बाई खाली उतरल्या, आईंच्या शेजारी बसल्या आणि चहा मागितला. मग कणीस मागितलं. मग दुसरं कणीस. त्यांचा मुलगा लांबून बघत होता. त्याला वाटलं असेल, हवा मानवली.

*

रविवारी परत निघालो. घाट उतरताना आईंनी पुढे बसायचा हट्ट धरला. मी आणि ताई मागे, मध्ये पडदा. पुढून आईंचा आवाज येत होता, ह्यांचा नाही. ह्यांचं म्हणणं आईंनाही फारसं ऐकायला मिळत नाही. तीन दिवस गाडी ह्यांनीच चालवली होती, आणि आईंना रात्री उठायला लागलं तर म्हणून झोपलेही नव्हते.

मग आईंचा आवाज जरा चढला. "डोये पाह्य तुहे, लाल झाले. बाजूले घे गाडी. झोप जरासा. मी हावो ना इथं, रस्त्याकडं पाह्यले."

गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

बऱ्याच वेळानं समोरून एसटी चढत आल्याचं ऐकू आलं. रस्ता अरुंद होता. आता हॉर्न वाजणार म्हणून मी पडदा बाजूला केला.

माझा साठ वर्षांचा नवरा स्टेअरिंगवर डोकं टाकून तोंड उघडं ठेवून झोपला होता. काचेतून ऊन येत होतं, आणि आईंनी पदराचं टोक ताणून त्याच्या डोळ्यांवर सावली धरली होती. दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवून त्या समोरच्या एसटीकडे पाहत होत्या.

ड्रायव्हरनं बस थांबवली. ह्यांच्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं. हॉर्नवरचा हात काढला आणि बस अगदी हळू, तसूतसूनं, आमच्या बाजूनं काढून नेली.

बस गेल्यावर आईंना माझी चाहूल लागली. मान न वळवता त्या पुटपुटल्या, "पडदा लाव. आत्ताच डोया लागला त्याचा."