छातीच्या हाडामागची शाळा

दुसऱ्याला ताप आल्याचं ऐकून ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळात ते रक्त तपासणारे तंत्रज्ञ होते. वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी लोकांच्या पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि पाहता पाहता ते त्यांच्या प्रेमात पडले. आमचं क्वार्टर रामकृष्णपुरमला, त्यांचं दोन सेक्टर पलीकडे. त्यामुळे आमच्याकडे कुणी अंथरूण धरलं की संध्याकाळी आतोबांची सायकल दाराशी आलीच. "एकशे दोन? अच्छा, म्हणजे आतली मंडळी कामाला लागली," असं म्हणत ते आईच्या हातचा चहा घेत आणि आजाऱ्यापेक्षा आजाराचीच जास्त चौकशी करत. नमस्कार झाला की त्यांची दोन बोटं समोरच्याच्या जबड्याखाली जात. तिथल्या गाठी चाचपल्याशिवाय ओळख पुरी झाली असं त्यांना वाटतच नसे. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला गाझियाबादहून मंडळी आली, तेव्हा मुलाला थोडी सर्दी होती. पोहे यायच्या आत आतोबांनी त्याची मान तपासली आणि त्याच्या वडिलांना शांतपणे सांगितलं, "डावीकडे एक गाठ आहे. काळजी नको, चांगलं काम करतेय." त्या घरून पुढे निरोप आला नाही. आईनं महिनाभर आतोबांशी अबोला धरला, पण तो त्यांच्या लक्षात आला नसावा.

एकदा माझ्या बोटात कीकराचा, म्हणजे बाभळीचा, काटा रुतला आणि पू धरला. आतोबा मला घेऊन हिवाळ्याच्या उन्हात गच्चीवर बसले. "या पुवात तुझ्यासाठी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी आहेत. धुऊन टाक, पण जरा मान ठेवून." मी विचारलं, काटा परका आणि बोट आपलं, हे त्यांना कळतं कसं? आतोबांनी हातातला मुळा खाली ठेवला. "त्यांची शाळा असते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. लहानपणी मोठी असते, मग आक्रसत जाते. काही पांढऱ्या पेशी तिथे शिकतात. त्यांना आपल्याच शरीराचे नमुने दाखवले जातात. जी पेशी त्यांच्यावर धावून जाते, तिला तिथेच संपवतात. बहुतेक जणी नापासच होतात."

"आणि एखादी चुकून पास झाली तर?"

"होते कधी कधी. तिला आवरणारे पहारेकरी बाहेरही असतात," ते म्हणाले आणि त्यांनी मुळा पुन्हा उचलला.

आत्या रेडिओवर मराठी बातम्या वाचायची. दहा मिनिटांचं बातमीपत्र. आम्हा दिल्लीत वाढलेल्या पोरांना अर्धे शब्द कळत नसत, पण आवाज ऐकत राहावासा वाटे. आतोबा ते रोज ऐकत. एका उन्हाळ्यात ते आईला म्हणाले, "सातव्या मिनिटानंतर हिचा आवाज नाकात जातो." आई म्हणाली, "कूलरसमोर झोपते, दुसरं काय." आतोबांनी दोन आठवडे घड्याळ लावून ऐकलं. सुरुवात स्वच्छ, शेवटी अक्षरं गिळलेली; विश्रांती घेतली की पुन्हा ठीक. मग संध्याकाळी तिची डावी पापणी उतरू लागली. मी तिथे होतो त्या रविवारी त्यांनी रुमालात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं तिच्या पापणीवर धरला. काढला तेव्हा डोळा चांगला उघडला. आत्याला गंमत वाटली. आतोबा मात्र ओला रुमाल हातात धरून बसून राहिले. ही परीक्षा त्यांनी इस्पितळातल्या डॉक्टरांकडून ऐकली होती: गारव्यानं पापणी उघडली, तर तो नुसता थकवा नव्हे, आजार.

तपासण्यांतून निघालं ते मायस्थेनिया. मज्जातंतूचा निरोप स्नायूपाशी जिथे पोचतो, ती जागाच तिचं स्वतःचं शरीर बंद पाडत होतं. थायमस काढावी लागेल, गुण यायला महिने लागतील, कदाचित वर्षंही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर आतोबा आमच्याकडे यायचेच थांबले. मी गेलो तर खिडकीशी बसले होते. "इतकी वर्षं ज्यांचं कौतुक केलं," ते म्हणाले, "त्यांनी घरातल्याच माणसावर हात टाकला." आतून आत्याचा दमलेला आवाज आला, "अहो, त्यांना काय माहीत मी तुमची बायको आहे ते." त्यावर ते कितीतरी दिवसांनी हसले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला बसले.

ऑपरेशन झाल्यावर त्यांनी त्या ग्रंथीच्या तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची परवानगी मागितली. डॉक्टरांचीही आणि आत्याचीही. काय दिसलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "या वयात शाळा ओस पडायला हवी होती. तिथे गजबज होती. का भरली, कुणी भरवली, ते काही दिसलं नाही."

पुढचं दीड वर्ष गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यात गेलं. रोज सकाळी आत्या वर्तमानपत्र मोठ्यानं वाची. तीन मिनिटं, पाच मिनिटं. काही आठवडे पुन्हा तीनवर. ती पुन्हा माइकपाशी बसली त्या दिवशी आतोबा आमच्याकडे ऐकायला आले. सातवं मिनिट गेलं, आठवं गेलं. शेवटी हवामानाच्या बातमीपाशी तिचा आवाज किंचित जड झाला, पण एकही अक्षर हरवलं नाही. आतोबा उठले, आईला म्हणाले, "चहा राहू दे, तिला आणायला जातो," आणि चपला घालायच्या विसरून जिना उतरले.

आता आतोबा नाहीत. आत्या थकली आहे, पण बोलते नीट. तिचंच शरीर तिच्यावर का उलटलं, हे आतोबांना शेवटी कळलं का, असं मी तिला मध्यंतरी विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "दर तपासणीला डॉक्टरांना विचारायचे. डॉक्टर म्हणायचे, अजून माहीत नाही. हे म्हणायचे, ठीक आहे, पुढच्या वेळी विचारतो. आणि मला त्या पुढच्या वेळेचा फार आधार वाटायचा."