बसलेल्या माणसाची शीतपेटी

माझ्या भावाला, मल्लिकार्जुनला, लोकांचा राग येतो. सगळ्याच लोकांचा नाही, फ्रिजचं दार उघडून विचार करत उभ्या राहणाऱ्यांचा. औशासारख्या गावात फ्रिज दुरुस्त करून पोट भरणाऱ्यानं असा राग धरणं म्हणजे न्हाव्यानं दाढ्यांवर चिडण्यासारखं आहे. पण त्याला सांगणार कोण? मी थोरली बहीण, शिवगंगा, सांगून थकले.

सोलापूर रस्त्यावर आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पुढं मी वायर, बटणं, होल्डर विकते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मल्लू कुणाचा तरी डीप फ्रीजर उघडून बसलेला असतो. वडील गेल्यापासून गल्ला माझ्याकडं आणि तुटलेली गिऱ्हाइकं जोडणंही माझ्याकडंच. परवा एक हॉटेलवाला तणतणत आला की दुरुस्तीनंतरही फ्रिज गार करत नाही. मल्लू जाऊन बघून आला आणि त्याच्याच काउंटरवर उभा राहून म्हणाला, "फ्रिजला कायबी झालं न्हाई. तुमच्या पोरांच्या हाताला खाज हाय." मग मी चहा मागवते, हसते, हात जोडते. लोकांना वाटतं बाई स्वभावानं गोड आहे. घरी येऊन मी भांडी आपटते ते त्यांना कुठं दिसतं?

त्याचं म्हणणं असं, की बटण शेवटपर्यंत पिळलं की लवकर गार होतं अशी सगळ्यांची श्रद्धा आहे. मग आत बर्फाचा डोंगर साचतो, वारा फिरत नाही, आणि शिव्या मेकॅनिकला. "लोकायला गारवा पायजे अक्का, दार लावायला नको," असं तो म्हणतो. चुकीचं बोलत नाही, पण खरं बोलण्याची त्याची पद्धत अशी की खोटं परवडलं.

मागच्या वर्षी चैत्रात उमाशंकरअण्णा दुकानात आले. ते आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हातात गळ्यातलं इष्टलिंग देतात आणि बसल्याबसल्याच सजवलेल्या पालखीतून, जिला आम्ही विमान म्हणतो, समाधीकडं नेतात. पूर्वी हे सगळं दिवसाच्या आत उरकायचं. आता लेकरं बंगळूरला, पुण्याला, परदेशात. ती येईपर्यंत थांबायचं तर भोवती बर्फाच्या लाद्या रचायच्या, घरभर पाणी, आणि मराठवाड्याचा उन्हाळा. गावात एक काचेची शीतपेटी होती, पण आडवी. आमच्या कामाची नाही.

"मल्लू, बसती पेटी करून दे," उमाशंकरअण्णा म्हणाले.

"असलं काम आपल्याला जमत न्हाई," मल्लू म्हणाला आणि पान्हा उचलून मागं निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शेडमध्ये जमिनीवर खडूनं चौकोन आखून त्यात स्वतःच मांडी घालून बसलाय, आणि टेपनं आपल्याच डोक्याची उंची मोजून राहिलाय. मी काही विचारलं नाही. आमचे वडील गेले तेव्हा मल्लू सुरतेला आइस्क्रीमच्या कारखान्यात होता. वैशाख होता, थांबणं शक्य नव्हतं. तो पोचला तेव्हा समाधीवरची माती शिंपून झाली होती. त्यावर तो आजवर एक शब्द बोललेला नाही आणि मीही विषय काढत नाही. काढला तर मलाच रडू आवरत नाही.

पेटी म्हणजे तीन बाजूंना जाड पफचे, म्हणजे फोम भरलेले, पत्रे, समोर काचेचं दार, आत चौरंग, खाली कॉम्प्रेसर. हे झटपट झालं. खरं डोकं खाल्लं ते कंट्रोलरनं. गारवा राखणारा तळहाताएवढा डबा, पुढं लाल आकडे, मागं स्क्रूंची रांग. एका जोडीला मेन लाइन, एका जोडीला सेन्सरची बारीक वायर, उरलेल्या जोडीतून कॉम्प्रेसरला चालू-बंदचा हुकूम. कॉम्प्रेसरचा सगळा करंट या डब्यातून नेला तर आतला पॉइंट जळतो, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप बसणारा एक मोठा खटका. तो माझ्याच दुकानातला, आणि नेताना एका शब्दानं विचारलंसुद्धा नाही.

वायरिंग जमलं तरी गारवा जमेना. त्यानं चौरंगावर ज्वारीचं पोतं उभं केलं, पोत्यावर पाण्याचं मडकं ठेवलं, म्हणजे धड आणि डोकं. आकडा चार अंश दाखवत होता. मडक्यातलं पाणी मात्र जेमतेम माठातल्यासारखं. गार हवा खाली बसते आणि सेन्सर खालीच लावलेला. पाय गारठले की मशीन समजायचं काम झालं. आडव्या पेटीत हे दुखणं नाही, पाय आणि डोकं एकाच पातळीवर. मग त्यानं सेन्सर काढून डोक्याच्या मागच्या बाजूला नेला, आत एक पंखा वाढवला, पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा जोडलं. त्या दिवसांत त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, "मडकं गार झाल्यावर." मी त्या मडक्याला मुंडासं बांधायचीच बाकी राहिले होते.

उमाशंकरअण्णा मधूनच येऊन म्हणायचे, "मायनसमधी लाव की. खात्रीचं काम होईल." मल्लू दात-ओठ खात सांगायचा, "अण्णा, मटण ठेवायचं न्हाई. माणूस हाय. चेहऱ्यावर बर्फ धरला तर वळखू येणार न्हाई." शेवटी मडकं एकदाचं गार झालं, तेव्हा त्यानं चार अंशांवर आकडा लावला आणि बटणांना कुलूप घातलं, कुणाला बोटं घालता येऊ नयेत म्हणून. दार उघडं राहिलं की टीं-टीं वाजणारी घंटी बसवली. लाइट जाऊन आली तर तीन मिनिटं कॉम्प्रेसर सुरू होऊ नये अशी सेटिंग घातली, कारण लगेच सुरू केला तर तो अडतो आणि जळतो. अण्णांना यातलं फक्त दारावर देणगीदारांची नावं कुठं घालायची एवढंच महत्त्वाचं वाटत होतं.

वैशाखात गुरुपादप्पा गेले. पिठाच्या गिरणीवाले गुरुपादप्पा, अर्ध्या गावानं त्यांच्या हातचं पीठ खाल्लेलं. बायको आधीच गेलेली. एकुलती एक लेक अक्षरा, बँकेच्या नोकरीत, बदली होऊन थेट गुवाहाटीला. ते गेले संध्याकाळी, आणि ती दोन विमानं बदलून हैदराबादेत उतरून गाडीनं पोचणार दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा. फोनवर तिनं काकांना, चंद्रप्पांना, एकच सांगितलं होतं, अप्पांचा चेहरा मला बघू द्या. मल्लूनं हे ऐकलं आणि टेम्पोत पेटी घालून तो तासाभरात त्यांच्या घरी हजर झाला.

रात्र नीट गेली. सकाळ झाली, मीही तिथं गेले, आणि माणसं सुरू झाली.

आमच्याकडं दर्शनाला आलेला माणूस काचेतून बघून परत जात नाही. त्याला पाया पडायचं असतं, हार घालायचा असतो, बोटानं विभूती लावायची असते. प्रत्येकानं दार उघडलं. घंटी वाजली की दचकायचे आणि अजून रुंद उघडायचे, बहुतेक आवाज बाहेर जावा म्हणून. कुणीतरी सुपारीच्या कागदाचा बोळा घंटीत कोंबला. बाहेर ऊन असं की ओट्यावर पाय ठेववेना, आणि आकडा चारवरून सातवर, सातवरून नऊवर. मल्लू आधी समजावून सांगत होता. मग चिडून सांगत होता. मग त्यानं दाराला पाठ लावली आणि उभा राहिला.

तेवढ्यात भजनी मंडळी आली. त्यांना माइक लावायचा होता, बोर्डात जागा नव्हती, त्यांनी पेटीची पिन काढली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मल्लूनं आकडे विझलेले बघितले तेव्हा दोन भजनं होऊन गेली होती. त्यानं पिन परत घातली. कॉम्प्रेसर गप्प, कारण तीन मिनिटं थांबायचं. "बंद पडली जणू," म्हणत एका शहाण्यानं पिन काढून पुन्हा घातली. झालं, तीन मिनिटं पहिल्यापासून. दुसऱ्यानं अजून एकदा तेच केलं. आकडा बारा. मी माझ्या भावाला आयुष्यात पुष्कळ वेळा ओरडताना ऐकलंय, पण मयताच्या घरी पहिल्यांदाच.

"हात काढा तिथून. खामखा पिना काढून राहिलेत. लेकीला काय दाखवणार हाव तुम्ही?"

भजन थांबलं. चंद्रप्पा उठून आले. "मल्लू, जरा लाज बाळग. माझा भाऊ गेलाय. हे तुझं दुकान न्हाई."

"म्हणूनच दार लावा म्हणतो," मल्लू म्हणाला आणि पिनेवर पाय रोवून तिथंच बसला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गावातलं शेवटचं गिऱ्हाईकही आता तुटलं, हे मी मनात मोजून घेतलं. त्यात गुरुपादप्पांची बहीण सिंधुमावशी काठी टेकत आली. ऐंशीची बाई, रेणापूरहून उन्हातान्हात आलेली. म्हणाली, "लेकरा, एकदा पायाला हात लावू दे रे. धाकटी हाय मी त्याची." सगळं घर मल्लूकडं बघायला लागलं. त्यानं मान हलवली. नाही म्हणाला. मावशी काचेसमोर खाली बसली, काचेवर तळवा ठेवला आणि तशीच बसून राहिली. मला इतका संताप आला की उठून त्याच्या थोबाडीत द्यावी वाटली. पेटी गार करता करता तुझ्यातला माणूस आटला, असं मी त्याला तोंडावर बोलले. त्याची नजर आकड्यावरून हलली नाही. अकरा. नऊ. सहा. मग बराच वेळ पाच, आणि शेवटी चार. त्यानं घामानं भिजलेला शर्ट अंगापासून सोडवला आणि कुणाकडं तरी पाणी मागितलं. कुणी उठलं नाही. मीच नेऊन दिलं.

चार वाजायच्या सुमारास अक्षरा आली. दारातली माणसं आपोआप बाजूला झाली. मल्लू उठला, त्यानं स्वतः काच उघडली आणि मागं सरकला. गुरुपादप्पा होते तसे होते. ओठ मिटलेले, विभूती जागची हललेली नाही, कपाळाला एक सुरकुतीही नवी नाही. घरातल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. चंद्रप्पांनीसुद्धा मल्लूकडं बघून मान हलवली. मला दिवसभरात पहिल्यांदा त्याचा अभिमान वाटला.

अक्षरानं दोन्ही हातांनी वडिलांचे गाल धरले आणि चटका बसल्यासारखे हात मागं घेतले.

"अप्पा किती गार पडलेत," ती म्हणाली. मग आमच्या सगळ्यांकडं वळून बघितलं, आणि तिचा आवाज चढला. "इतकं गार कुणी ठेवलं ह्यांना? ह्यांना थंडी सहन होत न्हाई. दिवाळीपासून कानाला रुमाल बांधून झोपायचे, तुम्हाला कुणाला म्हायती न्हाई का?"

मल्लू दिवसभर ज्यासाठी भांडला, ते त्यानं केलं होतं, आणि ते असं तिच्या हाताला लागलं होतं. मी मल्लूकडं बघितलं. मला वाटलं आता हा चिडेल, समजावून सांगेल, चार अंश का ते सांगेल. तो खाली वाकला आणि पिन काढली. मग चंद्रप्पांना हळूच विचारलं, "घरात घोंगडं हाय का?"

बाहेर बेचाळीसचं ऊन होतं. कशाला, असं कुणीही विचारलं नाही. आतल्या पेटाऱ्यातून कडुलिंबाच्या पाल्याचा वास येणारं काळं घोंगडं आलं. अक्षरानं ते वडिलांच्या खांद्यांवर पांघरलं. मागची बाजू पुरेना, तेव्हा मल्लूनं आत हात घालून ते पाठीमागं सारखं केलं आणि दोन टोकं तिच्या हातात दिली. सिंधुमावशीला कुणीतरी धरून पुढं आणलं. तिनं पायांना हात लावला, घोंगडं पायांवर ओढलं. स्वामीजी आले, मंत्र झाले, विमान उचललं. रस्त्यावर माणसं घामानं निथळत होती, आणि गुरुपादप्पा घोंगडं पांघरून गेले. स्वामीजींनीही ते काढायला सांगितलं नाही.