काळुरामने खाली वळवलेली नजर

पेणच्या एका गणपती कारखान्यात काळुराम आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचा. कारखान्यात सगळ्यात मोठा मान आखणीचा. पण डोळे कसे काढायचे, ते मालक दत्तात्रेयशेठ ठरवायचे: टपोरे, थेट समोर बघणारे. काळुरामने वीस वर्षं तेच काढले. जन्मात एक तरी मूर्ती आपल्या मनासारखी व्हावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्याचं हे खूळ वाढवलं मी. मी रोह्याच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. इटलीतल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या धार्मिक रेखाटनांच्या छापील प्रती मुंबईच्या फुटपाथवरून मोठ्या हौसेने आणल्या होत्या. येशू-मेरीची चित्रं शाळेच्या भिंतीवर कुणी लावू देईना, तेव्हा एकाहत्तर साली त्या काळुरामला देऊन टाकल्या आणि वर दातृत्वाचा आवही आणला.

एका कागदावर मेरी मांडीवरच्या बाळाकडे बघत होती. काळुराम तासभर तिच्यासमोरून हलला नाही. "मास्तर, बुबुळ दिसत नाय म्हना, पन बाय बघते हाय!"

त्याची बायको पुतळी आतून म्हणाली, "आता पाद्र्याकडं जाऊन बसा!"

चतुर्थीच्या तोंडावर शेठ तापाने पडले. काळुरामने संधी साधली आणि एका मूर्तीची नजर तशीच खाली वळवली. ती नेमकी रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या पुंडलिकची निघाली. तो न्यायला आला आणि भडकलाच.

"ह्यो माझ्याकडं बघत नाय! मी काय पाप केलाय?"

शेठ तापातून उठून आले. "डोळे पुस आनि नेहमीचे काढ," म्हणाले. काळुराम फडकं हातात धरून नुसता उभा राहिला. मी त्या दिवशी कारखान्यात आलो होतो; मला त्याच्याकडे बघवेना.

पुंडलिकची आई धोंडुबाई गुडघ्यांच्या दुखण्याने खाली जमिनीवरच बसली होती. ती म्हणाली, "थांब रे. माझ्याकडं बघतो हाय."

पुंडलिक चिडूनच तिच्याशेजारी बसला. वर बघितलं आणि त्याने हात जोडले. मग मूर्ती उचलून आईबरोबर निघून गेला.

कला जिंकली, असं मला वाटलं. मास्तरांना असं लवकर वाटतं.

पुढच्या वर्षी अष्टमीहून, निडीहून लोक तीच नजर मागत आले. काल डोळे पुसायला निघालेले शेठ आता गिऱ्हाइकांना "आमच्या कारखान्याची खास नजर" दाखवू लागले. काळुरामच्याच हातून पुठ्ठ्यावर नमुना काढून घेऊन त्यांनी तो भिंतीवर ठोकला. त्याबरहुकूम काळुरामने तीनशे मूर्ती आखल्या. पुढल्या साली पुन्हा तीनशे.

तिसऱ्या वर्षी न राहवून त्याने एका मूर्तीची पापणी जराशी वर उचलली. मी तिथेच होतो. शेठनी मूर्ती उजेडात धरली.

"काळुराम, ही आपली नजर नाय. इतकी वर्सं काम करतोस आनि आपली नजर कशी असते, ते ठाऊक नाय?"

"चुकलं, शेठ," काळुराम म्हणाला. "दाखवा कशी असते ती."

तो थट्टेने बोलला असता तर मी हसलो असतो. तो खरंच विचारत होता.