शेजारीणबाईंचा शिपाई

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असणारच. अक्षराचं तर विचारू नका. आमचे मास्तर माझी पाटी वर्गाला दाखवून म्हणायचे, "हिच्या पाटीवरून कोंबडी गेली वाटतं." हे कुणी वाचणार नाही अशी खात्री आहे, पण चुकून वाचलंच तर आधीच माफी मागून ठेवते.

अमेरिकेत हर्नडनला मी मुलाकडे राहते, तिथल्या आमच्या शेजारीणबाईंइतका मेलेल्या माणसांवर जीव टाकणारा माणूस साऱ्या जगात दुसरा नसेल. जिवंत माणसांचं त्यांना विशेष काही नव्हतं. कुणी नवा भेटला की त्या त्याचं नाव विचारायच्या आणि लगेच त्याच्या पणजोबाचं. पिझ्झा घेऊन आलेल्या पोराला एकदा त्यांनी दारात इतका वेळ उभं केलं की पिझ्झा गार झाला, पण त्याची पणजी आयर्लंडहून आली होती एवढं कळलं म्हणून बाई खूश. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगात पुरुषी खिशांचं जाकीट, आणि खिशांत खडू, भिंग, दात घासायचा जुना ब्रश. हा ब्रश थडग्यांवरचं शेवाळ काढायचा. त्यांचे स्वतःचे दात रात्री ग्लासात असत.

या सगळ्याच्या मुळाशी एक शिपाई होता. बाईंच्या सात पिढ्या मागचा हा गृहस्थ अमेरिकेच्या इंग्रजांविरुद्धच्या लढाईत होता. इंग्रजांविरुद्ध म्हटल्यावर मला तो लगेच घरचा वाटला. पगारी फौजेतला नव्हे. बोलावणं आलं की शेतकऱ्यांनी घरची बंदूक घेऊन जायचं, त्या मिलिशियातला. त्यानं तीन महिने फौजेची गुरं राखली, मका कापणीला आला तेव्हा कुणालाही न विचारता घरी आला, आणि कापणी उरकून परत हजर झाला. सूनबाई हे ऐकून हसली, "म्हणजे पळूनच गेला की!" त्यावर बाईंनी आठवडाभर आमच्या दाराकडे पाहिलं नाही. मला मात्र त्याचं पटलं. शेतात मका उभा असताना कोण राज्य घेत बसतो?

ही गोष्ट बाईंनी मला इतक्यांदा सांगितली की माझं इंग्रजी तिच्यातूनच झालं. दुकानात मला कांदा मागता येत नसे, पण मस्केट, रेजिमेंट आणि मिलिशिया घडाघडा येत. बाकी सगळ्याला मी लाजून "ओके" म्हणायची. त्याचा परिणाम असा की एका शनिवारी सकाळी बाई रबरी बुटांचे दोन जोड घेऊन दारात उभ्या.

"आई, तुम्ही हो कशाला म्हणालात?" सूनबाईनं कपाळाला हात लावला. "थडगं शोधायला जाणार आहात तुम्ही दोघी!"

"मला वाटलं, भाजी आणायला."

बाईंची घाई खरी होती. त्यांच्या मुलानं त्यांना ओहायोला आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. उन्हाळा संपला की घर विकायचं. शिपायाचं थडगं त्याआधी सापडलं नाही, तर पुढे कुणी शोधणार नव्हतं. मुलाला असल्या गोष्टींचा कंटाळा होता. गाडी चालवताना बाई हे एकदाच बोलल्या, पण एकेक शब्द सुटा करून, म्हणून मला ते समजलं.

एका शेताच्या कडेला झाडोरा होता. बाई काठीनं गवत पाडत हिंडू लागल्या. मी थोडा वेळ हिंडले, मग एक सपाट दगड पाहून बसले आणि डब्यातल्या दशम्या काढल्या. चांगल्या दोन खाल्ल्या, वर शेंगदाण्याची चटणी. बाई दमून माझ्यापाशी आल्या, दगडाकडे पाहिलं, आणि अशा ओरडल्या की माझी तिसरी दशमी गवतात गेली. "हनी, ऊठ! ऊठ!" ब्रशनं माती काढली तर खाली शिपायाच्या नावाचा अर्धा भाग होता. पुस्तकाला पाय लागला तरी पाया पडणारी मी, तासभर या माणसाच्या उरावर बसून जेवत होते! मी दोन्ही हात जोडून डोकं टेकलं. बाईंनी पाहिलं आणि त्यांनीही गुडघ्यावर बसून तस्संच केलं, रडत रडत.

परतताना खुशीत त्यांनी माझ्या वंशाची चौकशी आरंभली. मी वडील सांगितले, आजोबा सांगितले. आजीचं नाव मला ठाऊकच नव्हतं. आजीला सगळे आजीच म्हणत. बाईंच्या तोंडावर अशी कीव आली की मी त्या रात्रीच गावी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, अमेरिकेत बसून तुला आजीचं नाव कशाला हवं? जमिनीत वाटा मागतेस की काय?" त्यानं नाव सांगितलं नाही ते नाहीच.

फुटक्याच्या जागी नवा दगड सरकार फुकट देणार होतं, पण बसवायची मजुरी आपली. बाईंच्या मुलानं चक्क नकार दिला. दिवाळीच्या चकल्या विकून साठवलेले माझे तीनशे डॉलर होते. ते मी नेऊन बाईंच्या हातात ठेवले आणि त्या काही बोलायच्या आत घरी पळून आले. लाज इतकी वाटली, जणू मीच मागायला गेले होते. माझा मुलगा म्हणाला, "आई, ते पैसे आता विसर."

ऑगस्टमध्ये दगड उभा राहिला. बाई त्याच्याशी जरा बोलल्या, मग आम्ही दोघींनी डबा खाल्ला, या वेळी गवतावर बसून. महिन्याभरात त्या ओहायोला गेल्या. जाताना मला मिठी मारून "हनी" म्हणाल्या. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात मला "अगं ए"च्या पुढे हाक मारली नव्हती.

मग दर महिन्याला एक पाकीट येऊ लागलं. आत वीस डॉलर आणि चार ओळी: अमक्या गावी शिपायाची एक चुलत बहीण सापडली, ती फार भांडखोर होती. सूनबाई वाचून दाखवायची आणि मी त्या बहिणीची काळजी करायची. पोस्टमन यायच्या वेळी मला अंगणात हमखास काहीतरी काम निघे.

परवा आलेल्या पाकिटात वीसची शेवटची नोट होती. "आता तुझे सगळे पैसे फिटले," एवढंच सूनबाईनं वाचलं. बाई हिशोबाला पक्क्या. मी म्हटलं, "नीट बघ गं, एखादा हप्ता राहिला असेल." तिनं सगळे हप्ते पुन्हा मोजले. नव्हता राहिला.