पूल खालून बघणाऱ्या इंदुताई

इंदुताई ढगे पुलावर कधी रेंगाळत नसत. बाकीची मंडळी मधोमध थांबून, कठड्याला टेकून फोटो काढत असताना या बाई झपाझप पलीकडे जाऊन खाली उतरायची वाट शोधत. पायऱ्या असल्या तर पायऱ्यांनी, नसल्या तर बोटी लागतात त्या लाकडी धक्क्यावर, आणि तोही नसला तर काठावर उकिडवं बसून, मान वाकडी करून. पूल त्यांना खालून बघायचा असे.

माझी त्यांची ओळख झाली ती माणसं मोजताना. अ‍ॅमस्टरडॅम आणि आसपासचे पूल दाखवणारी सहल मी चालवतो. आठ प्रवाशांची मिनीबस, चालवणारा मीच आणि माहिती सांगणाराही मीच. इथल्या आयटीवाल्या मुलामुलींचे आईवडील उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात. मुलं ऑफिसला गेली की आल्मेरे नाहीतर हूफडॉर्पच्या घरात खिडकीपाशी बसून राहतात. संग्रहालयात त्यांचे पाय दुखतात, बोटीत त्यांना वारा लागतो. पूल मात्र सगळ्यांना झेपतो. ही अक्कल माझी. मी जळगावचा. मला कुठल्या कंपनीने विमानाचं तिकीट पाठवलं नव्हतं. एका हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासत मी या देशात सुरुवात केली आणि गाडी स्वतःची घेतली. नंतर माझी सहल जशीच्या तशी दोघांनी उचलली, तो राग वेगळा.

तर त्या दिवशी आम्स्टेल नदीवरच्या पांढऱ्या लाकडी पुलापाशी, माखेरे ब्रुखपाशी, मी माणसं मोजली तर सात भरली. आठव्या बाई खाली धक्क्यावर सापडल्या. पदर खोचलेला, पायांत मुलीचे बूट, आणि नजर वर तुळयांकडे.

"ताई, मी तुम्हाला वर शोधतोय!"

"वर काय आहे? वर रस्ता आहे. रस्ता आमच्या नाशकातही आहे."

गाडीत बसल्यावर मी नेहमीची गोष्ट सांगितली. दोन काठांवर दोन बहिणी राहत होत्या, त्यांनी एकमेकींना भेटायला हा पूल बांधला, पैसे कमी पडले म्हणून अरुंद बांधला. ही गोष्ट लोकांना फार आवडते. मागून आवाज आला, "अहो चौधरी, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"मग 'असं सांगतात' म्हणा. 'असं झालं' म्हणू नका."

सगळी गाडी हसली. माझं डोकं तापलं. माझ्याच गाडीत बसून माझीच हजेरी घेणारी ही कोण, असं मला झालं होतं.

ती कोण, ते मला परतीच्या वाटेवर कळलं. इंदुताई नाशकात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पुलांच्या कचेरीत ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीने नकाशा काढायचा, त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि तोच नकाशा शाईने जसाच्या तसा उतरवायचा, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. "सही त्यांची, रेघ माझी," असं त्या म्हणत. त्यांच्या हातून पन्नासेक पूल उतरले, पण एकदाही त्यांना कोणी साइटवर नेलं नाही. बाईमाणूस कुठे दगडधोंड्यांत उतरणार, असं साहेब म्हणत. "खांबाखाली काय आहे ते मला इंचाइंचाने पाठ होतं, चौधरी. पण खांबाला हात लावलेला नव्हता."

दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्यांना पुन्हा यायचं होतं आणि त्यांच्या अटी होत्या. पुढची सीट त्यांची, आणि प्रत्येक पुलाखाली दहा मिनिटं.

"पाच," मी म्हटलं.

"बारा."

"अहो ताई, मी पाच म्हणतोय!"

"ऐकलं मी. पंधरा."

आयुष्यभर घासाघीस करत आलोय, पण उलटी वर चढणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. शेवटी दहावर ठरलं.

मग दर गुरुवारी त्या येऊ लागल्या. तोरेनस्लाउसच्या रुंद पुलाखाली पाण्यालगत जुन्या तुरुंगाच्या कोठड्यांची दारं आहेत, ती मी रोज जात असून पाहिली नव्हती. त्यांनी पहिल्या दिवशी दाखवली. गोदीतल्या त्या लाल, नागमोडी पायथन ब्रिजच्या पायऱ्या बाकीचे आजीआजोबा धापा टाकत चढत होते, तेव्हा इंदुताई खाली उभ्या राहून ओरडल्या, "चौधरी, तो नाग फक्त देखणा नाही हो, कामाचा आहे! पाठ उंचावून खालून बोटी जाऊ देतो!" आल्मेरेहून येताना हमरस्त्यावरून जाणारी रेल्वेची भली मोठी पांढरी कमान लागते. त्यांची मुलगी केतकी रोज त्याच कमानीतून रेल्वेने ऑफिसला जाते. "विचारलं तिला कमान कशी आहे, तर म्हणते कुठली कमान," त्या म्हणाल्या. "मोबाईलमधून मान वर काढली तर दिसेल ना!" खरं सांगायचं तर माझी सहल तेव्हापासून सहल झाली. लोक त्यांच्यामागे खाली उतरू लागले.

जायला आठवडा उरला तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट मागितली. इथे बोटींसाठी उचलले जाणारे पूल आहेत. पुलाचं पान, म्हणजे उचलला जाणारा भाग, वर जातं, तेव्हा त्याची शेपटी, टनावारी वजन बांधलेली, खाली काठाच्या पोटात असलेल्या तळघरात उतरते. उचलता पूल त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. "ते वजन खाली येताना मला तळघरात उभं राहून बघायचंय. बाकी सगळं बघून झालं."

"झालंच समजा," मी म्हणालो. मी शब्द दिला की दिला.

हल्ली बहुतेक पूल कुठल्याशा दूरच्या खोलीतून कॅमेऱ्यावर उघडतात. पण शहराबाहेर एक पूल आहे, जिथे अजून केबिनमध्ये माणूस बसतो. पुलाचं नाव सांगत नाही, त्याची नोकरी आहे. त्याला हेंक म्हणू. मी डच चांगलं बोलतो. खिडकीपाशी जाऊन म्हटलं, एक बाई आहेत, वीस मिनिटं तळघर दाखव. तो म्हणाला, शक्य नाही. माझ्या धंद्यात 'शक्य नाही' ही सुरुवात असते. मी पंधरावर आलो, दहावर आलो, दर आठवड्याला माणसं आणीन म्हटलं, आणि बर्फीचा खोका खिडकीत सरकवला. त्याने खोक्याकडे मेलेला उंदीर ठेवल्यासारखं पाहिलं, परत ढकलला आणि काच लावून घेतली. मी काचेवर थापा मारल्या. काही शब्दही बोललो, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्याने माझ्या गाडीचा नंबर टिपून घेतला.

इंदुताई गाडीत बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही त्याला भाव विचारलात, चौधरी. त्याच्याकडे विकायला काही नव्हतं."

मग त्यांनी सहलीच्या वेळापत्रकाचा कागद उलटा केला, मांडीवर घेतला आणि माझ्या पेनाने तो पूल उभा कापलेला दिसावा तसा काढला. पट्टी नाही, काही नाही. पान, धुरा, शेपटी, तळघराच्या भिंती. एका जागी हात थांबला. तिथे त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं. कागद घेऊन त्या गेल्या आणि नुसता काचेला लावून उभ्या राहिल्या. हेंकने बघितलं. मग काच उघडली, पेन घेतलं, एक रेघ दुरुस्त केली आणि बाहेर आला. इंदुताई कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "सर, डेप्थ?" तो हसला. या माणसाला हसता येतं हे मला तेव्हा कळलं.

तो मला डचमध्ये म्हणाला, "परवा सकाळी दहाला शिडाची बोट येतेय. मेफ्राउंना, या बाईंना, जाळीमागे उभं करतो. फक्त त्यांना. तू नाही."

हे मला माझ्याच तोंडाने भाषांतर करून सांगावं लागलं. इंदुताईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "त्याला सांगा, चौधरींशिवाय मी उतरणार नाही. त्यांनी मला इथवर आणलंय."

परवा म्हणजे गुरुवार. शनिवारी त्यांचं विमान होतं, व्हिसा संपत होता, आणि वय बहात्तर. मी हेंककडे वळून म्हटलं, "त्या म्हणतायत, आभारी आहे, दहाला येते." आणि ताईंना सांगितलं, "बघू म्हणतो."

गुरुवारी लोखंडी दारापाशी हेंकने त्यांना हेल्मेट दिलं आणि माझ्यासमोर हात आडवा धरला. इंदुताई थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"तुम्ही त्याला सांगितलंच नाही."

"ताई, बोट आली. उतरा."

"माझं वाक्य बदललंत तुम्ही?"

"हो, बदललं! उतरा आता!" मी असा ओरडलो की हेंक दचकला. "नाशिकला जाऊन काय सांगणार, दारातून परत आले म्हणून? उतरा म्हणतो ना!"

त्या उतरल्या. मी त्यांची पर्स धरून वर उभा राहिलो. घंटा वाजली, पान वर गेलं, बोट गेली, पान खाली आलं. मला खालचं काहीही दिसलं नाही.

वर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मला वाटलं, आता सांगतील. हेंकला त्यांनी हात जोडले, पर्स घेतली आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या. आल्मेरेला दारात उतरताना एवढंच म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी दुसऱ्याच्या नकाशातली रेघ बदलली नाही. चुकीची दिसली तरी. विचारायला जायची मी. तुम्ही विचारलं नाहीत."

शनिवारी त्या गेल्या. एक फोन नाही की मेसेज नाही. मी संतापलो होतो. त्या माणसापुढे मान खाली घालून मी गप्प राहिलो, कोणासाठी? आणि खाली काय होतं तेवढंही बाईंनी सांगू नये?

महिन्याभराने नाशिकहून फोन आला.

"चौधरी, मी अजून रागावलेली आहे. कागद घ्या आणि लिहा."

"काय लिहू?"

"मी सांगते ते. गाडीतल्या लोकांना वाचून दाखवायचं. शब्द बदलायचा नाही."

चाळीस मिनिटं त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. तळघर किती खोल, भिंतीला ओल कुठपर्यंत, ग्रीसचा वास. वजन खाली येताना आधी आवाज येत नाही, आधी वारा येतो, तोंडावर, थंड. मग अंधारातून घराएवढी भिंत खाली सरकते आणि इतकी हळू थांबते, जसं कोणीतरी झोपलेलं मूल खाली ठेवावं. हे सगळं त्यांचं. मी असं बोलू शकत नाही. मी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"शेवटचं लिहा," त्या म्हणाल्या. "वर एक माणूस उभा होता. त्यालाही खाली यायला मिळायला हवं होतं. मिळालं नाही. ते बरोबर झालं नाही."

"हे कशाला, ताई? लोकांना काय त्याचं?"

"झालं ना तसं?"

"झालं."

"मग लिहा. आणि वाचा परत."

मी वाचलं. त्यांनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि फोन ठेवला.

पुढची दोन वर्षं सणावाराला फोन होत राहिले. प्रत्येक फोनवर त्या विचारत, "वाचता ना? बदलत नाही ना?" गेल्या हिवाळ्यात इंदुताई गेल्या. केतकीने कळवलं. उन्हाळा लागला आणि पहिल्याच सहलीला मी गाडी त्या पुलापाशी उभी केली. हेंक केबिनमध्ये होता. त्याने हात वर केला, मीही केला. आमचं बोलणं एवढंच आहे आणि त्याहून जास्त होणार नाही. मी कागद काढला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.

पुढच्या सीटवर कोल्हापूरचे एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "वर उभा होता, तो माणूस कोण हो?"

"ते ताईंनी लिहायला सांगितलेलं नाही," मी म्हटलं, आणि गाडी सुरू केली.