बंद घड्याळाची टिकटिक

घड्याळबाई हे नाव त्यांना पेशंटांनी ठेवलं. हजेरीपटावर वेगळं काहीतरी होतं, पण ते फक्त पगारापुरतं. क्षयाच्या दवाखान्यात मागच्या खोलीत त्यांनी एकोणीस वर्षं इंजेक्शनं टोचली. हात एवढा हलका की सुई कधी गेली कळायचं नाही. जीभ मात्र अशी की तिचा टोचा आठवडाभर ठणकायचा.

खोलीची खिडकी थंडीवाऱ्यातही सताड उघडी. बंद खोलीत क्षय पसरतो, हे बाई तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही ऐकवायच्या. साहेब स्वेटर घालून यायचे आणि दारातूनच परत जायचे. आत एक स्टूल, त्याचा एक पाय आखूड. त्या पायाखाली वरून आलेल्या एका परिपत्रकाची घडी. त्या परिपत्रकाचा एवढा चांगला उपयोग दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात झाला असेल, असं मला वाटत नाही.

मी तिथे पेशंटांच्या संघटनेतर्फे बसायची. बसायची म्हणजे भांडायची. कारण हे औषध मी स्वतः भोगलंय. ज्यांचा क्षय साध्या गोळ्यांना दाद देत नाही, त्यांना त्या काळी कॅनामायसिनचं इंजेक्शन असायचं, आठवड्यातून सहा दिवस, सहा-सहा महिने. हे औषध गिळून उपयोग नाही, आतड्यातून ते रक्तात जातच नाही, म्हणून सुई. रोज एकदाच दणदणीत डोस द्यायचा, जंतूंचं कंबरडं मोडायचं, आणि उरलेल्या दिवसात मूत्रपिंडांनी ते लघवीवाटे बाहेर काढायचं. बाहेर पडायला तेवढा एकच दरवाजा. तो अडला की औषध आत साचतं आणि मूत्रपिंडाला नि कानाला खातं. मूत्रपिंड वेळेवर लक्षात आलं तर बहुतेकदा सावरतं. कान नाही. आतल्या कानातल्या बारीक केसाळ पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलं नाही. औषधाच्या खोक्यातला तो मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद भिंगाखाली धरून मी शिकले, तेही दुसऱ्या दवाखान्यात माझा कोर्स संपून डाव्या कानात कायमची शिट्टी बसल्यावर.

दर महिन्याला कान तपासावेत, असं कागदावर होतं. तपासायचं यंत्रही आमच्याकडे होतं, कपाटात, कुलपात. किल्ली बदलून गेलेल्या एका साहेबांबरोबर गेली होती. मोठ्या इस्पितळात तारीख मिळायची ती तीन-चार आठवड्यांनंतरची.

म्हणून घड्याळ.

बाईंचे वडील घड्याळजी. त्यांचं चावीचं एक मनगटी घड्याळ, पट्टा नसलेलं, बाईंच्या ॲप्रनच्या खिशात असायचं. दर सोमवारी सुईच्या आधी पेशंटने स्टुलावर डोळे मिटून बसायचं. बाई कानामागे घड्याळ धरायच्या आणि हळूहळू लांब न्यायच्या. टिकटिक ऐकू येईनाशी झाली की पेशंटने म्हणायचं, "गेलं." मग बाई वितीने अंतर मोजून वहीत लिहायच्या. उजवा सहा वीत, डावा साडेपाच. हे औषध बारीक, वरचे आवाज आधी खातं. बोलणं बरेच दिवस नीट ऐकू येतं, त्यामुळे माणसाला वाटतं आपले कान ठणठणीत आहेत. घड्याळाची टिकटिक त्या बारीक आवाजांतली.

डॉक्टर हसायचे. तरुण पोरगा, वाईट नव्हता, फक्त स्वतःचंच बोलणं ऐकायची सवय. "सिस्टर, तुमच्या यंत्राला सर्टिफिकेट आहे का?"

"तुमच्या यंत्राला आहे ना? मग काढा की बाहेर," बाई म्हणायच्या.

आता मिस्त्री. चौकातल्या गॅरेजचा मालक. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते सांगायचा. लांबलांबून गाड्या यायच्या त्याच्या कानासाठी. औजारं कोणाकडेही असतात, कान त्याच्याकडेच, हे तो स्वतःच दिवसातून चारदा सांगायचा. क्षय दुसऱ्यांदा उलटला तेव्हा मात्र त्याची बोबडी वळली. दोन पोरी, गॅरेजवर डोळा ठेवून बसलेला मेहुणा, आणि रुमालावर रक्त.

इंजेक्शनचे तीन महिने झाले. चौथ्या महिन्यात बाई मला वही दाखवत म्हणाल्या, "हे बघ गं. चार सोमवार झाले. दोन्ही कान, पाच वीत. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त."

"मग चांगलंय की."

"डोंबल चांगलंय. सर्दी झाली तरी अर्धी वीत इकडेतिकडे होते. ह्याचे कान आहेत की फूटपट्टी?"

पुढच्या सोमवारी मी बाकावर होते, आणखी पाच-सहा जण होते. मिस्त्री ऐटीत स्टुलावर बसला, डोळे मिटले. बाईंनी घड्याळ काढलं आणि आमच्याकडे बघत चावी बाहेर ओढली. काटा थांबला. बंद घड्याळ त्यांनी त्याच्या कानामागे धरलं.

"येतंय ऐकू, मिस्त्री?"

"येतंय की ताई. टिकटिक, टिकटिक. एकदम खणखणीत."

बाई वीत-वीत मागे सरकू लागल्या. एक पाऊल, दोन, तीन. चपलेची थप, थप. पाचव्या थपेला मिस्त्री म्हणाला, "गेलं."

बाकावरचा एक म्हातारा असा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. बाकीचेही खिदळले. मिस्त्रीने डोळे उघडले. बाईंनी घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. काटा जागचा हलत नव्हता. मग कोणी हसलं नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"महिना झाला असेल." त्याची मान खाली. "इंजिनाचा पट्टा ओरडतो तो ऐकू येत नाही. दाराची घंटा येत नाही. धाकटी किंचाळली की तोंड दिसतं नुसतं."

"आणि गाढवासारखा पावलं मोजत बसलास?"

"तुम्ही सुई बंद केली असतीत ना ताई! कान गेला तर गेला, मला मरायचं नाही. टोचा तुम्ही."

मी बाईंकडे बघितलं. अशा वेळी मी ओरडते, हात आपटते. बाईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. "कोणी सांगितलं तुला, की सुई नाही तर मरण? दुसऱ्या गोळ्या आहेत. आज मी टोचणार नाही. चल, उठ."

"कुठे?"

"वजन करायला."

दवाखान्याचा काटा दोन महिने दुरुस्तीला गेलेला. कार्डावर त्याचं वजन पहिल्या दिवशीचंच होतं, एकसष्ट. बाईंनी त्याला रस्त्यापलीकडच्या भंगारवाल्याकडे नेलं आणि सरळ त्याच्या काट्यावर उभं केलं. भंगारवाला म्हणाला, "बाई, हा कोणत्या भावाने लावू?"

"तू फक्त आकडा सांग."

बावन्न. इतर गोळ्यांनी त्याची अन्नावरची वासना मेली होती. म्हणजे एकसष्ट किलोच्या माणसाचा नऊशे मिलिग्रॅमचा डोस रोज बावन्न किलोच्या माणसात जात होता, जिथे पावणेआठशेत भागलं असतं. "आणखी काय खातोस?" बाईंनी दरडावलं. पाठ दुखते म्हणून दोन वेळा दुखण्याची गोळी, स्वतःच दुकानातून आणलेली. तीही मूत्रपिंडालाच जड. म्हणजे औषध जास्त ओतायचं आणि बाहेर जायचा दरवाजाही अर्धा लोटायचा. रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं कळतं, ते दोन महिने कोणी बघितलंच नव्हतं.

परत येऊन बाईंनी रजिस्टर ओढलं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "आज इंजेक्शन दिले नाही. कारण, रुग्णाला बंद घड्याळ ऐकू येते."

डॉक्टर तणतणत आले. "हे काय लिहिलंय, सिस्टर? वर काय सांगू मी? आणि माझ्याशी तर ते व्यवस्थित बोलतात!"

"तुमच्याशी सगळेच व्यवस्थित बोलतात साहेब. तुमचा आवाज जाड आहे. त्यांना गेलंय ते बारीक."

"औषध बंद करायचा निर्णय माझा आहे."

"मग घ्या की. मी बंद केलेलं नाही, आजचं थांबवलंय. हे त्यांचं वजन, ह्या त्यांच्या दुखण्याच्या गोळ्या. रक्त काढून ठेवलंय."

माझी जीभ वळवळत होती. किल्लीचं, काट्याचं, परिपत्रकाचं, सगळं तोंडाशी आलेलं. मी फक्त एवढंच म्हटलं, "डॉक्टर, तुमचा स्वतःचा कान असता तर तारखेसाठी चार आठवडे थांबला असतात?" तो खुर्ची ओढून बसला आणि कार्ड पहिल्यापासून वाचू लागला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. त्याने तिथूनच इस्पितळात फोन लावला, ओळख काढली, आवाज चढवला. तारीख दुसऱ्या दिवसाची मिळाली.

रिपोर्टमध्ये दोन्ही कानांच्या रेघा वरच्या सुरांकडे घसरगुंडीसारख्या उतरल्या होत्या. क्रिएटिनिन चढलेलं. कॅनामायसिन कायमचं बंद झालं, त्याच्या जागी गोळ्यांचा नवा संच आला. बोलण्याचे सूर अजून शाबूत होते. आणखी महिनाभर पावलं मोजली असती तर तेही गेले असते.

बाईंना मात्र मेमो आला. बंद घड्याळ ऐकू येणे म्हणजे काय, याचा सात दिवसांत खुलासा करावा. मी चार पानी उत्तर लिहून दिलं, त्यात निम्म्या शिव्या होत्या. बाईंनी ते घडी करून स्टुलाच्या पायाखाली सरकवलं. परिपत्रक झिजलंच होतं. स्वतः त्यांनी एक ओळ पाठवली: "कपाटाची किल्ली पाठवल्यास खुलाशाची गरज राहणार नाही." किल्ली आली नाही. पण पंधरा दिवसांनी कुलूप तोडायला माणूस आला.

यंत्र निघालं, बिघडलेलं.

मिस्त्रीला आता सुई नव्हती, तरी तो सोमवारी यायचा. गोळ्या घ्यायच्या आणि मागच्या खोलीत स्टुलावर बसायचं. सुई बंद झाली तरी थोडे दिवस हे औषध कान खात राहतं, म्हणून बाईंनीच बोलावलेलं. पहिल्या सोमवारी त्याने डोळे मिटायच्या आधी हात पुढे केला.

"आधी दाखवा ताई. चालू आहे ना?"

बाईंनी काटा दाखवला. चपला काढून ठेवल्या. अनवाणी मागे सरकल्या.

"गेलं," तो दोन वितींवर म्हणाला. डोळे मिटलेलेच, पापणीच्या कडेला ओल.

पुढच्या सोमवारी पावणेदोन. त्या दिवशी बाईंनी दोनदा मोजलं. त्याच्या पुढच्या सोमवारी पावणेदोन. मग परत पावणेदोन.

"टिकलं रे मिस्त्री," बाई म्हणाल्या.

गॅरेज चालू आहे, मेहुणा बाहेरच आहे. इंजिनाची ठोक मिस्त्री अजून पकडतो, ती जाड असते. बारीक आवाजांसाठी त्याची बायको शेजारी उभी राहते, पदर खोचून, डोळे मिटून. परवा माझी गाडी घेऊन गेले होते.

"अहो, पट्टा ओरडतोय," ती म्हणाली.

"कुठला?"

"डावीकडचा. आणि आरडाओरडा नका करू, मला ऐकू द्या."