पुढल्या वर्षीची जर्सी

"ठेवतो हां. पुढल्या वर्षी घेऊन जा," असं म्हणून सर नव्या मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या नावाच्या जर्सीची घडी घालायचे आणि कपाटात टाकायचे. मुलगी हात पुढे करून तशीच उभी. तुमच्याही शाळेत असा एखादा पी.टी.चा सर असेल, आठवून पाहा. आमचा ओमानमधल्या सलालाहच्या इंडियन स्कूलमधला होता. मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. आवाज असा, की बंदरावर ऐकू जावा.

बास्केटबॉलच्या टीममध्ये निवड झाली की पहिलं वर्ष फक्त प्रॅक्टिस, मॅच नाही, हा त्यांचा नियम. आमची लेक रूही नववीत निवडली गेली. ताडमाड उंच पोरगी, उडी अशी की बघत राहावं, आणि हिला बाकावर बसवलं! घरी नुसती रडारड. मी तणतणत शाळेत गेले.

"वहिनी, हाडं कच्ची आहेत ओ," सर म्हणाले. "आत्ता खेळवली तर गुडघा जाईल. मग आयुष्यभर मला शिव्या घालाल."

"आणि बसून बसून तिच्या मनातून खेळच उतरला तर?"

"नाय उतरत. ज्यांना खेळायचं असतं, त्या बसतात."

गेले तशी घरी आले. पुढल्या वर्षी जर्सी मिळाली आणि रूही जी खेळली, ती थेट अमेरिकेतल्या कॉलेजच्या टीममध्ये जाऊन पोहोचली. मी सगळीकडे सरांचं नाव सांगत फिरले.

आणि सप्टेंबरात तिचा फोन. "मम्मी, कोच म्हणतात, फर्स्ट इयर बस. प्रॅक्टिस कर, पण मॅच नाही. खेळायची चार वर्षं सेव्ह राहतात. रेडशर्ट म्हणतात इथे. नाही म्हटलं तर यावर्षीच खेळवतील, पण थोडंच. काय करू? सरांना विचार ना!"

यात विचारायचं काय, उत्तर तर मला पाठ होतं. तरी गेले. खरीफची, म्हणजे इथल्या पावसाळ्याची, भुरभुर चालू होती आणि बाकावरच्या मुली टॉवेलांनी ओलं कोर्ट पुसत होत्या. ते काम त्यांचंच.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. मग म्हणाले, "खेळू दे तिला."

आता बोला! "अहो सर, तुम्हीच ना बसवता सगळ्यांना?"

त्यांनी कपाट उघडलं. तळाशी एक जर्सी. घडी इतकी जुनी, की रेघ पडलेली. "ही पोर वर्षभर बसली. एक दिवस चुकली नाय. जर्सी द्यायला थोडे दिवस राहिले होते, आणि बापाची नोकरी गेली. व्हिसा खलास. आठवड्यात सगळे केरळला. एक मॅच नाय खेळली ओ. आपल्या लोकांचं पुढलं वर्ष आपल्या हातात असतं काय, वहिनी?"

"मग या पोरींना का बसवलंय अजून?" मी बाहेर कोर्टाकडे बोट केलं.

"गुडघे जातात ना."

"म्हणजे बसवायचं की खेळवायचं?"

"तेच तर मला कळत नाय," सर म्हणाले. असा माणूस गोंधळलेला मी पहिल्यांदाच पाहिला. फार वाईट वाटलं. रागही आला, कारण आता पोरीला सांगू काय?

मी फोनवर दोन्ही सांगितलं. "मम्मी, येस की नो?" ती वैतागली. मला खरंच कळत नव्हतं, आजही कळत नाही. शेवटी तीच म्हणाली, "माझा व्हिसा बऱ्याच वर्षांचा आहे. मी थांबू शकते." आणि बसली.

त्याच हिवाळ्यात सरांच्या व्हिसाचं नूतनीकरण झालं नाही. इतक्या वर्षांचा माणूस, दोन बॅगांत मावला. आम्ही दोघं नवराबायको विमानतळावर सोडायला गेलो. त्यांच्या हातातल्या पिशवीत ती जुनी जर्सी होती.

"रत्नागिरीला नाय, आधी केरळला जातो. पत्ता मिळवलाय," सर म्हणाले.

"पोस्टाने पाठवा की."

"हातात देणार."

"सर, ती आता केवढी झाली असेल. होईल का तिला?"

त्यांनी जर्सी उलगडली, खांद्यापाशी धरून पाहिली. "नाय होणार," म्हणाले, आणि पुन्हा नीट घडी घातली. आत जायला वळले आणि थांबले. "आपली रूही खेळली काय ओ?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढल्या वर्षी, सर."

त्यांनी मान हलवली. पिशवी छातीशी धरून आत गेले.